वॉम्बॅटला चकली चालते का?

सहलीला कुठे जायचं, हा प्रश्न आमच्या घरी पाच मिनिटांत सुटतो. बरोबर काय न्यायचं, हा सुटत नाही. त्यामुळे या वर्षी आठवडाभर विल्सन्स प्रॉमन्टरीला जायचं, असं नवऱ्याने जाहीर केलं तेव्हा विरोध कोणीच केला नाही. सासूबाईंनी फक्त विचारलं, “तिथे गॅस आहे का?”

विल्सन्स प्रॉमन्टरी, इथल्या लोकांच्या तोंडी नुसतं ‘प्रॉम’, हे ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं दक्षिणेकडचं शेवटचं टोक. त्यापुढे बासची सामुद्रधुनी आणि पलीकडे टास्मानिया. फार पूर्वी समुद्र खाली होता तेव्हा इथून टास्मानियापर्यंत चालत जाता येत होतं. आता जी जमीन वर उरली आहे तिच्यावर 1898 सालापासून जंगल राखलंय. मेलबर्नहून गाडीने तीनेक तास. ग्रॅनाइटचे डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मधूनमधून पांढऱ्या वाळूच्या पुळणी, आणि राहायला कांगारू, एमू, वॉलबी, एकिडना, वॉम्बॅट. माणसांसाठी टायडल रिव्हर नावाचा एक तळ: तंबूच्या जागा, काही खोल्या, एक दुकान. पुढे दक्षिणेला जायचं तर पायी. कागदावर यात काढण्यासारखी खोट नव्हती.

पण कागद एकच नव्हता. नवऱ्याचा एक्सेलचा तक्ता होता, सासऱ्यांची वही होती, सासूबाईंनी गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान उलटं करून यादी सुरू केली होती, आणि देवगडहून मामेसासरे व्हॉट्सअ‍ॅपवर न विचारता सल्ले पाठवत होते. ते येणार नव्हते, म्हणूनच त्यांचा उत्साह सगळ्यांत जास्त होता.

नवरा आयटीत आहे. कुठलीही गोष्ट आधी तक्त्यात घडल्याशिवाय ती पुढे प्रत्यक्षात घडेल यावर त्याचा विश्वास नाही. त्याने दिवस पाडले, दिवसांचे तास पाडले, तासांना रंग दिले. ‘प्राणी’ असं एक वेगळं पान केलं, त्यात ‘दिसण्याची शक्यता’ नावाचा रकाना. कांगारू: खात्रीशीर. एमू: चांगली. एकिडना: नशिबावर. वॉम्बॅटपुढे त्याने लिहिलं होतं, ‘संध्या. 6.40 ते 7.15’.

“हे वॉम्बॅटला कळवलंय का?” मी विचारलं.

“अगं, ते संध्याकाळीच बाहेर पडतात. सूर्यास्ताची वेळ काढून त्यातून वजा केलंय.”

तारखांचं मात्र त्याने चोख जमवलं. इथले ऋतू उलटे, त्यामुळे दिवाळी ऐन वसंतात येते. नाताळच्या सुट्टीत जाऊ म्हटलं तर तेव्हा टायडल रिव्हरला तंबूची जागा सोडतीने मिळते. अर्ज करायचा आणि नाव लागतंय का याची वाट बघायची. “म्हणजे म्हाडाच की!” सासरे म्हणाले, आणि त्यांना न लागलेलं गोरेगावचं घर आठवून ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणून मग दिवाळीनंतरचा, नोव्हेंबरच्या सुरुवातीचा आठवडा ठरला. त्यात मंगळवारी मेलबर्न कपची सुट्टी आयतीच मिळते. घोड्यांच्या शर्यतीसाठी सरकार सगळ्या शहराला सुट्टी देतं, हे सासऱ्यांना अजून पचलेलं नाही. त्यांच्या लहानपणी ‘रेस’ हा शब्द घरात आवाज उतरवून बोलायचा होता.

सासरे जुने ट्रेकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना मिळालेली शाल त्यांनी पहिल्यांदा उलगडली ती राजगडावर, थंडी वाजली म्हणून. जगातला कुठलाही डोंगर ते सह्याद्रीच्या मापाने मोजतात. तक्त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी माउंट ओबेरॉन होता. उंची 558 मीटर, जाऊन-येऊन 6.8 किलोमीटर.

“पाचशे अठ्ठावन्न? कळसूबाई सोळाशे शेहेचाळीस आहे. वाट कशी?”

“बराचसा रुंद रस्ता आहे, बाबा. शेवटी पायऱ्या.”

“पायऱ्या.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. “वर काय आहे?”

“दृश्य.”

“ते असणारच. टाकं? बुरूज? देऊळ?”

“काही नाही.”

“ताक?”

“तेही नाही.”

“मग लोक वर जाऊन करतात काय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या माणसाने आयुष्यभर सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लंय, त्याला नुसत्या दृश्यासाठी डोंगर चढा म्हणणं हे जेवायला बोलावून नुसता मेन्यू वाचून दाखवण्यासारखं आहे. शेवटी मी त्यांना इतिहास दिला. दुसऱ्या महायुद्धात हे उद्यान लोकांसाठी बंद होतं आणि टायडल रिव्हरला ऑस्ट्रेलियन कमांडोंचं प्रशिक्षण चालायचं. शिवाय आग्नेय टोकावर 1859 साली ग्रॅनाइटमध्ये बांधलेलं दीपगृह आहे. सासरे लगेच सरसावून बसले. दीपगृहाजवळच्या जुन्या घरांत मुक्कामही करता येतो, हे कळल्यावर तर त्यांनी वहीचं नवीन पान उघडलं. तिथे जायला एकोणीसेक किलोमीटर चालावं लागतं आणि जेवणखाण पाठीवरून न्यावं लागतं, हे मी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी यादीवरून मान वर केली. फक्त वर केली. दीपगृह तक्त्यात आलंच नाही.

आता सासूबाईंबद्दल. त्या ऑस्ट्रेलियात आल्या त्या मुळात जंगल बघण्याच्या तयारीने नव्हे, नातीला भेटायला. पण प्राणी म्हटलं की त्यांच्या मनात एकच प्रश्न येतो: त्याने काही खाल्लंय का? पुण्यात गॅलरीत कावळा, खारूताई आणि शेजाऱ्यांचं मांजर यांच्या वेळा ठरलेल्या. इथे आल्यावर पहिल्याच सकाळी परसात त्यांना पक्षी दिसला. “अगं, ऑस्ट्रेलियातला पहिला पक्षी!” म्हणून त्यांनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं. साळुंकी होती. पिवळी चोच, पिवळे पाय, तोच तोरा.

ही साळुंकी इथली नाही. 1860च्या दशकात भाज्यांवरचे किडे खायला म्हणून मेलबर्नला आणली गेली. तिने किडे खाल्लेच, वर इथल्या पक्ष्यांच्या ढोल्याही बळकावल्या. आता ती ‘इंडियन मायना’ म्हणून बदनाम आहे. कुंपणापलीकडच्या आजोबांनी एकदा सासूबाईंसमोरच तिच्यावर काठी उगारली. सासूबाईंनी त्या दिवसापासून तिला मुद्दाम भात घालायला सुरुवात केली. “दीडशे वर्षं झाली म्हणतोस, अजून परकीच?” असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नागरिकत्वाचा आमचा अर्ज त्या वेळी कुठल्या तरी टेबलावर पडून होता, त्यामुळे नवरा काही बोलला नाही.

प्रॉममध्येही असंच एक आपलं माणूस निघालं. तिथल्या झुडपांत हॉग डिअर आहेत. हिंदीत ज्याला पाढा म्हणतात ते तराईतलं ठेंगणं हरीण. साळुंकीच्याच सुमारास साहेबांनी शिकारीसाठी आणून सोडलं, आणि आता उद्यानवाल्यांच्या लेखी ते उपऱ्यांत जमा. “दिसलं तर मराठीत बोला त्याच्याशी,” सासरे म्हणाले. तराईतल्या हरणाला मराठी कसं कळेल, यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. नवऱ्याने ‘प्राणी’ या पानावर ओळ वाढवली: पाढा, शक्यता कमी, भाषा हिंदी.

खरी गंमत पुढे आली. एका रविवारी नवऱ्याने उद्यानाचे नियम मोठ्याने वाचून दाखवायला घेतले.

पहिला धक्का: शेकोटी, चूल, निखारे, काही म्हणजे काही नाही. बारा महिने बंदी. छोटी गॅसची शेगडी तेवढी चालते. 2005 आणि 2009 साली या जंगलाचा मोठा भाग वणव्यांत होरपळला, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. चुलीवरच्या पिठल्याचं सासऱ्यांनी मनात रंगवलेलं चित्र तिथेच विझलं. मामांनी देवगडहून विचारलं, “आणि पाऊस?” नवऱ्याने सांगितलं की 2011च्या मार्चमध्ये एका दिवसात साडेतीनशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, पूल गेला, रस्ता तुटला आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामा म्हणाले, “एवढ्याक हेलिकॉप्टर?”

दुसरा नियम: तंबूत खाण्याची वस्तू ठेवू नका. कारण वॉम्बॅट. हा प्राणी फोटोत उशीसारखा दिसतो, पण वजन पंचवीस-तीस किलो, मनात आलं तर ताशी चाळीस किलोमीटरने पळतो, आणि तंबूत खाणं आहे असा वास आला की दाराचा शोध घेत बसत नाही. कापड फाडून नवीन दार करतो. तिसरा: पाठीवरच्या पिशव्या उघड्यावर सोडून जाऊ नका. कारण कावळे. तिथे जाऊन आलेला प्रत्येकजण सांगतो की तिथले कावळे आणि त्यांचे चुलते करावाँग पिशवीची चेन चोचीत धरून सरकवतात.

“चेन उघडतात?” सासूबाईंच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. “आणि आपल्याकडे पितृपक्षात काव काव करून घसा बसतो तरी येत नाही मेला!”

चौथा नियम वाचताना नवऱ्याने आईकडे पाहिलं: कुठल्याही वन्य प्राण्याला काहीही खाऊ घालू नये.

सासूबाईंनी यादीत काहीतरी लिहिलं आणि ते पान उलटं ठेवलं.

माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. आम्ही इतके आठवडे बसून प्राणी कुठे, कधी, कसे दिसतील याचा आराखडा करत होतो. तिकडे प्राण्यांचा आराखडा केव्हाच तयार होता. माणसं कधी येतात, डबे कुठे ठेवतात, चेन कुठल्या बाजूला सरकते, सगळं पाठ. फरक इतकाच की त्यांच्या तक्त्यात ‘शक्यता’ हा रकाना नसावा. आणि त्यांच्या या सगळ्या तयारीच्या समोर आम्ही काय घेऊन जाणार होतो? दिवाळीचा उरलेला फराळ.

तर त्या फराळाचं वजन करायचं ठरलं. विमानाच्या बॅगा तोलायचा हूकवाला काटा दाराच्या चौकटीला लावला आणि दिवाणखान्यात एकेक पिशवी टांगली. थालीपिठाची भाजणी दीड किलो. पोहे एक. मेतकूट, ज्याचा डबा विमानतळावर अधिकाऱ्याने उघडून हुंगला होता आणि शिंकून परत दिला होता, पाव किलो. चकल्यांना वजन फारसं नाही पण जागा लागते, म्हणून लेकीने उपाय काढला की त्या आधीच चुरायच्या. सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो शब्द परत काढला नाही. मग शेव, शंकरपाळे, तूप. तूप सांडू नये म्हणून एका बरणीत, ती पिशवीत, ती टॉवेलात, तो टॉवेल परत पिशवीत. शेवटी सासूबाईंनी न बोलता लोखंडी तवा काट्याला लावला. काटा खाली गेला आणि चौकटीचा खिळा वर आला.

“तवा नको, आई,” नवरा म्हणाला.

“मग थालीपीठ काय हातावर थापून हातावरच भाजायचं?”

तवा गाडीत राहील, टायडल रिव्हरपर्यंतच जाईल, पुढच्या पायी मुक्कामाला जाणार नाही, असा करार झाला. करारावर नातीच्या साक्षीने सही झाली.

त्याच संध्याकाळी तंबूची रंगीत तालीम परसात करायची ठरली. सासऱ्यांना तंबूचा अनुभव कमी, कारण गडावर देवळात झोपायची सवय. तरी कापडाच्या बोगद्यातून लवचीक काठी ओढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. काठीचे तुकडे आतल्या रबरी दोरीने एकमेकांना बांधलेले असतात. एकीकडून ओढलं की ती आत मधेच सुटते. सासरे ओढत, काठी सुटे, ते पलीकडे जात, ती तिकडून ओढत, मग ती इकडे सुटे. ओढायची नसते, ढकलायची असते, हे लेकीने सांगितलं. “कालव्यात पाणी ढकलत नाहीत,” असं म्हणून त्यांनी आणखी दोनदा ओढली. मग कोणी बघत नाही असं पाहून ढकलली. तंबू उभा राहिला.

चकल्यांचा डबा कोणीतरी आतच विसरलं. रात्री परसात खडखडाट झाला तेव्हा नवरा विजेरी घेऊन धावला. तंबूच्या दारात मांजराएवढा एक पॉसम बसला होता. झुबकेदार शेपूट, गुलाबी नाक, डोळे विजेरीत लाल. पुढच्या दोन पंजांत चकली आडवी धरून तो काठाकाठाने, काटे न मोडता, वेढा उलगडत खात होता. आमच्याकडे एकदा बघून त्याने चकली थोडी फिरवली आणि खाणं चालू ठेवलं. पॉसमला इथे कायद्याचं संरक्षण आहे. त्यालाही ते ठाऊक असावं.

“बघ, मोडत नाहीये,” सासूबाई माझ्या कानात म्हणाल्या. “खुसखुशीत झाल्यात.”

दुसऱ्या दिवशी फराळासाठी झाकण आवळून बसणारा मोठा पिंप विकत आणला, आणि चेनींना लावायला छोट्या कड्या. लेक शाळेतून वॉम्बॅटची माहिती घेऊन आली. त्याची पिल्लाची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे बीळ खणताना माती पिल्लाच्या तोंडात जात नाही. हे ऐकून सासूबाईंचं वॉम्बॅटबद्दलचं मत एकदम चढलं. आणि त्याची लेंडी चौकोनी असते, अगदी फाशासारखी. ती तशी कशी होते, याच्या अभ्यासाला 2019 साली भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं. सासऱ्यांनी वहीत नोंद केली: ‘गडगडत नाही. उतारावर उपयुक्त.’

आता फक्त मोठा दिवस बाकी होता. टेलिग्राफ सॅडलपासून सीलर्स कोव्हपर्यंत दहा किलोमीटर चालत जायचं, रात्री तिथे तंबू, दुसऱ्या दिवशी परत. अशा मुक्कामासाठी परवाना आधी काढावा लागतो, तो नवऱ्याने काढला होता. वाट आधी चढाची, मग ओल्या जंगलातून, शेवटी दलदलीवरच्या लाकडी फळ्यांवरून थेट पुळणीवर. सापांची विचारपूस झाली. टायगर स्नेक आणि कॉपरहेड, दोन्ही विषारी. “बिनविषारी कोणते?” सासऱ्यांनी विचारलं. नवऱ्याने पुढचं वाचायला घेतलं.

मुक्कामाच्या जागेआधी सीलर्स क्रीक ओलांडायची असते, आणि तिला पूल नाही. ओहोटीला पोटऱ्यांपर्यंत, भरतीला पार वर. म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता बघून निघायचं. इथे मामांची वेळ आली.

देवगडकराला तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची: अष्टमीला सहा वाजता भरती, अमावास्येला सव्वाअकराला. क्रीक कुठल्या वारी ओलांडायची, असं त्यांनी विचारलं. नवऱ्याने शनिवार सांगितला. मामांनी कालनिर्णय पाहिलं.

“एकादशी! अकराचे पाऊणपट सव्वाआठ. सव्वाआठाक पूर्ण भरती.”

इथल्या अधिकृत तक्त्यात वेळ वेगळी होती. प्रत्येक किनाऱ्याला पाणी आपापल्या वेळेने चढतं, देवगडचा गुणाकार बासच्या सामुद्रधुनीत चालत नाही, हे नवऱ्याने समजावून पाहिलं. “समुद्र खंयचो पण असो, चंद्र एकच मां?” मामा म्हणाले. तोही इथे उलटा दिसतो, हे सांगायचा मोह नवऱ्याने आवरला.

पण भरतीकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं. सासूबाईंनी यादी खाली ठेवली होती.

“एकादशी म्हणजे कार्तिकी?”

कार्तिकीच. म्हणजे सर्वांत लांब चालण्याच्या दिवशी घरातल्या दोघांचा उपवास. भाजणी बाद, चकली बाद, पोहे बाद. आणि इथली घड्याळं पुण्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे एकादशी इथली धरायची की तिथली? लेक म्हणाली, जी लहान असेल ती. सासरे म्हणाले, सूर्योदय जिथला आपण बघतो तिथली. हा मुद्दा मान्य झाला आणि साबुदाणा यादीत सगळ्यात वर चढला.

साबुदाणा भिजवायचा तर घरून भिजवून न्यायचा की कोरडा? भिजला की वजन वाढतं. सासऱ्यांनी वहीत गुणाकार मांडला आणि निर्णय दिला: कोरडा न्यायचा, टेलिग्राफ सॅडलला झाकणाच्या डब्यात पाणी घालायचं, चालता चालता भिजेल, क्रीक ओलांडेपर्यंत फुलेल. नवऱ्याने तक्त्यात तसा रकाना केला. सकाळी 9.00, साबुदाणा: पाणी. दुपारी 1.30, साबुदाणा: तयार. त्याने त्याला हिरवा रंग दिला. सगळ्या आठवड्यात तो एकच रकाना कुठल्याही प्राण्यावर, हवेवर किंवा चंद्रावर अवलंबून नव्हता.

“दाण्याचं कूट वेगळं बांध,” सासूबाई मला म्हणाल्या. “आणि साबुदाणा वाटीभर जास्तच घे.”

“किती जणांचा, आई?”

“घे गं तू.”

नवऱ्याने चौथ्या नियमाचं पान मोठ्या अक्षरांत छापून फ्रिजवर लावलं. संध्याकाळी पाहिलं तर त्याच्यावर किराण्याची यादी चिकटवलेली होती.